हा मार्ग कोणापासून मुक्त?

मुंबईतील पूर्व मुक्त मार्ग हा अवघा १६.८ किलोमीटरचा रस्ता. पी. डिमेलो रोडवरील ऑरेंज गेटपासून निघतो आणि घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यापाशी, छेडानगरच्या अलीकडे, संपतो. एवढ्याशा रस्त्यासाठी या पानावर जागा का अडवावी, असे कोणी विचारील. कारण हा रस्ता आता छेडानगरपासून ठाण्यापर्यंत वाढवला जात आहे आणि त्याची आखणी आमच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातून जाते.

या रस्त्याची कल्पना जुनी आहे. १९६२ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेला मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करायला सांगितले गेले. मोटारींच्या देशातून आलेल्या सल्लागारांनी मोटारींसाठी मुक्त मार्ग सुचवले, यात नवल नाही. पुढची चार दशके ते कागदावरच राहिले. अखेर केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून निधी मिळाला. एमएमआरडीएने काम केले आणि जून २०१३ मध्ये पांजरापोळपर्यंतचा, तर जून २०१४ मध्ये उरलेला भाग खुला झाला. उरलेला भाग वर्षभर का रखडला? वाटेत झोपड्या होत्या म्हणून. अतिक्रमण हा शब्द तेव्हाही वापरला गेला. त्या झोपड्यांत राहणारे लोक या शहरात काय काम करतात, हे मात्र कोणी लिहिले नाही.

रे रोड, शिवडी, वडाळा या गोदी कामगारांच्या भागावरून हा मार्ग खांबांवर उभा राहून जातो. त्याच्या खाली हातगाडी ओढणारा आहे, ट्रकचा क्लिनर आहे, पाण्याची कळशी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई आहे. वर यांच्यापैकी कोणालाही मज्जाव. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, पादचाऱ्याला बंदी. बस गेली तरी मध्ये थांबा नाही, मग शिवडीच्या माणसाला तिचा उपयोग काय? कारण दिले जाते सुरक्षेचे.

सुरक्षेचेच पाहू. जून २०१५ मध्ये रात्री एक आलिशान मोटार याच मार्गावर उलट्या दिशेने कित्येक किलोमीटर धावली आणि समोरून येणाऱ्या टॅक्सीवर आदळली. टॅक्सीचालक आणि एक प्रवासी, असे दोन जीव गेले. चालवणारी व्यक्ती मद्याच्या अमलाखाली होती, असे पोलिसांचे म्हणणे होते. ती पेशाने वकील होती, हे लिहिताना वकील म्हणून आमची मान खाली जाते. पण प्रश्न एका व्यक्तीचा नाही. ज्या रस्त्यावर दुचाकीवाल्याला तोंडाशीच अडवून दंड केला जातो, त्या रस्त्यावर उलटी धावणारी मोटार एवढे अंतर कशी कापू शकते? मोकळा सरळ रस्ता वेगाला निमंत्रण देतो. बंद पडलेल्या गाडीला बाजूला घ्यायला पुरेशी जागा नाही. बंदी असूनही वेळ वाचवण्यासाठी दुचाक्या घुसतात. उपाय मात्र एकच, मनाईचा फलक.

भारतीय संविधानाचे कलम १५(२) काढून पाहावे. राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी, तळी आणि रस्ते यांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थानावरून निर्बंध असणार नाही, असे ते सांगते. त्यामागे रावबहादूर बोले यांचा १९२३ चा ठराव आहे, १९२७ चे महाड आहे. बंदी वाहनावर आहे, माणसावर नाही, असे उत्तर आम्हाला मिळेल. न्यायालयात ते टिकेलही. तरीही सार्वजनिक पैशाने बांधलेल्या रस्त्यावर ज्याच्याकडे चारचाकी आहे तोच चढणार असेल, तर त्या चढणाऱ्यांत आमचे किती, हे प्रत्येकाने आपल्या वस्तीत मोजावे.

आता रमाबाई नगर. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक महामार्गावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळ्यांनी दहा जण मारले गेले. महामार्गावरचे गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळीबार केला, असे तेव्हा सांगितले गेले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. रस्त्याच्या सुरक्षेचे नाव घेऊन आमच्या माणसांचे जीव घेतले गेले, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. त्याच महामार्गाच्या डोक्यावरून आता नवा उन्नत मार्ग जाणार आहे.

पुनर्विकासाला आमचा विरोध नाही. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून संपूर्ण नगराचा पुनर्विकास करत आहेत. त्यात हजारो कुटुंबांना पक्के घर मिळाले तर आनंदच आहे. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या आयाबहिणींना झोपडीच्या आठवणीचे कौतुक सांगू नये. पण रस्त्याचे काम मुदतीत होते आणि घराचे रेंगाळते, हा मुंबईचा अनुभव आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण झोपड्या हटवणे थांबवले नाही. निकालाचा पहिला भाग आपण भाषणात सांगतो, दुसरा विसरतो.

म्हणून घर रिकामे करताना प्रत्येक कुटुंबाने करारनाम्याची प्रत हातात घ्यावी, ती मराठीत मागावी. पात्रतेच्या यादीतील आपला क्रमांक तपासावा, भाड्याच्या धनादेशाची झेरॉक्स ठेवावी, घराचा दारासकट फोटो काढावा. ताबा किती महिन्यांत आणि उशीर झाला तर भाडे कोण देणार, हे करारात लिहिले आहे का ते पाहावे. घरात वाचणारे कोणी नसेल तर विहारात यावे, आम्ही वाचून दाखवू. आणि नव्या मार्गाच्या आराखड्यात नगरातून पलीकडे पायी जायची वाट कुठे दाखवली आहे, हे लेखी विचारावे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.