विश्लेषण : ब्रेलमधले एकच अक्षर, भाषा बदलली की अर्थ वेगळा कसा?

इंग्रजी ब्रेलमध्ये सी, यू, पी ही अक्षरे उमटवून लिहिलेला 'कप' हा शब्द मराठी ब्रेल समजून वाचला, तर तो 'चुप' होतो. जपानी वाचकाच्या बोटांना तेच ठिपके 'उहाने' असे लागतील. कागदावरचा एकही ठिपका हललेला नसतो. बदललेली असते ती फक्त भाषा. हे कसे घडते?

ब्रेल ही भाषा आहे का?

नाही. ब्रेल ही लिहिण्याची पद्धत आहे. तिच्या एका चौकटीत सहा जागा असतात. डाव्या उभ्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६. यांतले कोणते ठिपके उठावदार आहेत, यावरून चिन्ह ठरते. अशी ६३ चिन्हे होतात. रिकामी चौकट धरली तर ६४. फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९-१८५२) यांनी वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत, १८२४ मध्ये ही पद्धत बसवली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. ती फ्रेंच भाषेसाठी होती. जगातील इतर भाषांना आपापले ध्वनी याच ६३ चिन्हांत बसवावे लागले.

एका चिन्हाचे अर्थ किती?

२-४-५-६ हे ठिपके घेऊ. इंग्रजीत ते 'डब्ल्यू', अरबीत 'वाव', रशियनमध्ये 'व' आणि मराठीत चक्क 'ठ'. सहाही ठिपके उठलेले असतील तर फ्रेंच वाचक आघात असलेला 'ए' वाचतो, मराठी वाचक 'ढ' आणि संक्षिप्त इंग्रजी ब्रेल वाचणारा 'फॉर' हा अख्खा शब्द. १-२ हे ठिपके इंग्रजीत 'बी' आणि मराठीत 'ब'. जपानीत मात्र 'इ'.

जपान आणि कोरियाने फ्रेंच अक्षरक्रम धरलाच नाही. जपानमध्ये इशिकावा कुराजी यांची पद्धत १८९० मध्ये स्वीकारली गेली. तिच्यात साधारणपणे १, २, ४ या जागा स्वर सांगतात आणि ३, ५, ६ व्यंजन. कोरियन ब्रेल १९२६ मध्ये पार्क तु-सोंग यांनी जाहीर केली. त्यात 'ग' अक्षरगटाच्या सुरुवातीला आला तर ४ क्रमांकाचा ठिपका आणि शेवटी आला तर १ क्रमांकाचा.

मराठी ब्रेल कशी ठरली?

स्वातंत्र्यापूर्वी भारतात अनेक ब्रेल पद्धती एकाच वेळी वापरात होत्या. एका पद्धतीत शिकलेल्याला दुसरीतले पुस्तक वाचता येत नसे. १९४९ मध्ये भारत सरकारने ब्रेलच्या एकसारखेपणाचा प्रश्न युनेस्कोकडे नेला आणि १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' स्वीकारली गेली.

तिचे सूत्र सोपे आहे. जुळणारा ध्वनी असेल तिथे रोमन अक्षराचेच चिन्ह घ्यायचे. म्हणून 'के'चे १-३ हे ठिपके 'क'ला मिळाले, 'एम'चे 'म'ला, 'पी'चे 'प'ला. 'ठ', 'ढ', 'ळ' यांना रोमन जोडीदार नव्हता. त्यांना उरलेली चिन्हे दिली गेली. 'व्ही'चे चिन्ह 'व'ने घेतल्यामुळे 'डब्ल्यू'चे मोकळे राहिले, ते 'ठ'कडे गेले. 'क्यू'चे चिन्ह 'क्ष'ला मिळाले.

यातून एक मोठा फायदा झाला. 'क' मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ या सगळ्यांत एकाच चिन्हाने लिहिला जातो. बंगाली लिपी न शिकलेला डोळस मराठी वाचक बंगाली पाटीपुढे अडतो. ब्रेल वाचणारा मराठी माणूस मात्र थोडे अपवाद वगळता बंगाली मजकुराचा उच्चार करू शकतो. अर्थ कळण्यासाठी भाषा यावी लागते, हे वेगळे.

एकाच भाषेत गोंधळ होत नाही का?

ब्रेलमध्ये अंकांना स्वतंत्र चिन्हे नाहीत. 'ए' ते 'जे' या अक्षरांपुढे ३-४-५-६ हे अंकचिन्ह लावले की १ ते ९ आणि ० तयार होतात. हेच चिन्ह मराठीत 'ण' आहे. त्यामुळे 'गणित' या शब्दाच्या पोटात, ठिपक्यांपुरते बोलायचे तर, ९ हा अंक लपलेला असतो. तरी वाचक फसत नाही. मराठीत 'ण'ने सुरू होणारा शब्द जवळपास नाहीच. त्यामुळे सुरुवातीला आले तर अंकचिन्ह, शब्दाच्या आत आले तर 'ण', हे सवयीने कळते.

धोका आहे तो चिन्ह गळण्यात. औषधाच्या लेबलवर ५ लिहिताना अंकचिन्ह राहून गेले, तर इंग्रजी वाचकाला 'ई' लागेल आणि मराठी वाचकाला 'ए'.

मोबाइलवर काय होते?

संगणक आणि फोनवरील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हा पेच ओळखला आहे. त्यात आठ ठिपक्यांपर्यंतच्या २५६ ब्रेल आकृत्या आहेत. पण कोणालाही अक्षराचे नाव दिलेले नाही. 'ठिपके १-२' एवढीच त्यांची ओळख. ते 'बी', 'ब' की 'इ', हे सॉफ्टवेअरमध्ये निवडलेली भाषा ठरवते.

म्हणून ब्रेल कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून 'ठ'चे ठिपके दाबले तर पडद्यावर 'डब्ल्यू' उमटतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिणाऱ्याला दर वेळी भाषा बदलावी लागते. लिफ्ट, कार्यालय किंवा औषधांसाठी ब्रेल पाट्या करून घेणाऱ्या डोळसांनीही हे ध्यानात ठेवायला हवे. 'ब्रेलमध्ये करा' एवढे सांगणे अपुरे आहे. कोणत्या भाषेच्या ब्रेलमध्ये, हेही सांगावे आणि पाटी लावण्यापूर्वी ती भाषा ब्रेलमध्ये वाचणाऱ्या व्यक्तीकडून एकदा तपासून घ्यावी.