चुंबकाच्या हवाली केलेली शरीरे

१५ डिसेंबर १९४५, शनिवारची दुपार. दुसरे महायुद्ध संपून चार महिने लोटले होते. हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड पर्सेल, हेन्री टॉरी आणि रॉबर्ट पाऊंड हे तिघे दुसऱ्याच्या प्रयोगातून मागून आणलेल्या एका जुन्या विद्युतचुंबकापुढे हताश होऊन बसले होते. दिवसभर तिघेही युद्धकाळातल्या रडार-संशोधनाचे ग्रंथ लिहिण्याला जुंपलेले. हा उद्योग रात्रीचा आणि सुट्टीचा. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये एक पेटी होती आणि पेटीत दुकानातून विकत आणलेले साधे मेण. त्या मेणातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांनी, म्हणजे प्रोटॉननी, रेडिओलहरींना एकदा तरी प्रतिसाद द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

प्रत्येक प्रोटॉन हे इवलेसे चुंबक असते. बाहेरच्या मोठ्या चुंबकाने त्याला वळण लावले आणि नेमक्या कंप्रतेची रेडिओलहर त्याच्यावर सोडली, तर तो ती शोषून घेईल, असे गणित सांगत होते. यंत्राची सुई मात्र हलायला तयार नव्हती. गुरुवारचा प्रयत्न वाया गेला होता. प्रोटॉनना वळायला वेळ लागत असेल, म्हणून मेण तासन् तास चुंबकात ठेवून पाहिले, तरी शनिवारीही तेच. आवराआवर करण्यापूर्वी एक शेवटचा उपाय म्हणून त्यांनी चुंबकाचा विद्युतप्रवाह जेवढा चढेल तेवढा चढवला आणि मग हळूहळू उतरवत आणला. उतरत्या प्रवाहात, जिथे त्यांनी आजवर शोधलेच नव्हते अशा जागी, सुई थरारली. चुंबकाच्या शक्तीचा त्यांचा अंदाज चुकला होता; प्रोटॉन आधीपासूनच बोलत होते.

जवळपास त्याच सुमारास, खंडाच्या दुसऱ्या टोकाला स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या पाण्यातून हाच संदेश पकडला. १९५२चे नोबेल पर्सेल आणि ब्लॉख यांना मिळून मिळाले. ब्लॉख यांनी आपले बोटच यंत्राच्या कॉइलमध्ये घातले तेव्हा जोरदार संदेश उमटला, असे सांगतात. माणसाचे शरीर बहुतांशी पाणी, त्यामुळे बोट बोलले यात नवल नव्हते. पर्सेल आणि नॉर्मन रॅम्झी यांनी तर १९४८मध्ये हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनच्या प्रचंड चुंबकात आपली डोकी घालून पाहिली. त्या धाडसातून दातांत भरलेल्या धातूची चव जिभेवर येण्यापलीकडे फारसे काही हाती लागले नाही. पण जिवंत शरीर चुंबकाच्या हवाली करण्याची परंपरा इथूनच सुरू झाली, आणि पुढची सारी कथा तिच्याच वाटेने गेली.

या कथेत एक भारतीय नाव आहे. आपल्याकडे ते फारसे घेतले जात नाही, याची खंत वाटते. एस. एस. धर्मट्टी तेव्हा स्टॅनफर्डमध्ये ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. एकाच मूलद्रव्याची केंद्रके वेगवेगळ्या संयुगांत किंचित वेगळ्या कंप्रतेवर बोलतात, हे १९५०च्या सुमारास अपघातानेच उघड झाले होते. शुद्ध भौतिकशास्त्रज्ञांना ती कटकट वाटली, कारण केंद्रकाचे मापन त्यामुळे गढूळ होत होते. १९५१मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी अल्कोहोल यंत्रात ठेवले. अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. ते तीन ठिकाणी विभागलेले असतात, एका जागी एक, दुसरीकडे दोन, तिसरीकडे तीन. पडद्यावर तीन शिखरे उभी राहिली, आणि त्यांखालची क्षेत्रफळे होती १ : २ : ३. ज्याला कटकट म्हटले होते ते रेणूचे हस्ताक्षर निघाले! पदार्थ न फोडता, न जाळता त्याच्या आत काय आहे ते वाचता येऊ लागले.

होमी भाभांनी धर्मट्टींना मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणले. संस्थेचे बिऱ्हाड तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात होते. १९५०च्या दशकात मुंबईत या विद्येची घडी बसली ती त्यांच्या हातून.

मधली वीस वर्षे रसायनशास्त्रज्ञांची होती. मग १९७१च्या मार्चमध्ये ब्रुकलिनचे डॉक्टर रेमंड डॅमेडियन यांनी उंदरांच्या शरीरातल्या गाठी तपासून सांगितले की कर्करोगाच्या गाठीतले प्रोटॉन ढवळल्यानंतर पूर्वस्थितीला यायला निरोगी पेशींहून जास्त वेळ घेतात. चुंबक रोग ओळखू शकेल, ही आशा प्रथमच ठोसपणे मांडली गेली. पण संदेश शरीराच्या कुठल्या जागेवरून येतो, हे कसे कळणार?

त्याचे उत्तर २ सप्टेंबर १९७१च्या रात्री पिट्सबर्गजवळच्या एका उपाहारगृहात सापडले. रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी त्या सुमारास डॅमेडियन यांचाच प्रयोग दुसऱ्या एका संशोधकाला करताना पाहिला होता. उंदीर मारून गाठ कापून काढायची आणि मग मोजायची, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. हॅम्बर्गर खाता खाता त्यांना सुचले की चुंबकाचे क्षेत्र सर्वत्र सारखे ठेवण्यासाठी सगळे जीव टाकतात, ते मुद्दाम असमान केले तर? एका बाजूला थोडे जास्त, दुसऱ्या बाजूला थोडे कमी. मग हार्मोनियमच्या पट्ट्यांप्रमाणे शरीरातली प्रत्येक जागा आपापल्या सुरात वाजेल, आणि सुरावरून जागा ओळखता येईल. त्यांनी तातडीने एक वही विकत घेतली, कल्पना उतरवून काढली आणि सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली.

पुढे त्यांनी साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची प्रतिमा मिळवली आणि निबंध ‘नेचर’कडे धाडला. तो परत आला. विषयाला पुरेसे व्यापक महत्त्व नाही, असा शेरा पडला. लॉटरबर यांनी हट्टाने पुन्हा पाठवला, आणि १६ मार्च १९७३ला तो छापून आला. नळ्यांनंतर पाळी आली त्यांच्या मुलीने समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या एका चिमुकल्या शिंपल्याची. आतल्या जिवाला ओरखडाही न उठता त्याचे अंतरंग दिसले.

आज ठाकुर्लीचा एखादा पेशंट मणक्याचा एमआरआय काढायला कल्याणच्या किंवा डोंबिवलीच्या सेंटरवर जातो. फॉर्मवर ‘पेसमेकर आहे का, ऑपरेशनची क्लिप आहे का’ याची उत्तरे भरतो. घड्याळ, चाव्या, एटीएम कार्ड बाहेर ठेवतो, आणि कानात बोळे घालून त्या बोगद्यात आडवा होतो. मग सुरू होतो तो घाबरवून सोडणारा ठकठकाट. चुंबकीय क्षेत्र क्षणाक्षणाला असमान करणाऱ्या कॉइली थरथरतात, त्यांचा तो आवाज. उपाहारगृहात सुचलेली कल्पनाच तिथे कानठळ्या बसवत असते.

इकडे डॅमेडियन पिच्छा सोडणारे नव्हते. विद्यार्थ्यांना हाताशी धरून, मैलोन् मैल अतिवाहक तार हातांनी गुंडाळून त्यांनी माणूस मावेल एवढे चुंबक उभारले आणि त्याला ‘इन्डॉमिटेबल’, म्हणजे अजिंक्य, असे नाव दिले. १९७७च्या मे महिन्यात ते स्वतः आत बसले. काहीच उमटले नाही. शरीराच्या मानाने कॉइल अपुरी पडते, असा निष्कर्ष निघाला. दोन महिने सगळे थांबून पाहत राहिले की डॅमेडियन यांना काही अपाय होतो का. झाला नाही. मग सडपातळ बांध्याचा विद्यार्थी लॅरी मिन्कॉफ पुढे आला. ३ जुलै १९७७ला तो छातीभोवती कॉइल बांधून आत बसला. त्याला थोडे सरकवायचे, मोजायचे, पुन्हा सरकवायचे. तिसरा साथीदार माइक गोल्डस्मिथ आकडे टिपत होता. एका छातीच्या एका छेदासाठी १०६ बिंदू आणि ४ तास ४५ मिनिटे! शेवटी कागदावर ओबडधोबड आकृती उमटली. तीत हृदय आणि फुप्फुसे ओळखू येत होती.

एवढा वेळ चुंबकात बसणे कुठल्या रुग्णाला परवडले असते? वेग आणला तो नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला हा लंडनचा मुलगा नोकरी सांभाळून शिकत प्राध्यापक झाला होता. असमान क्षेत्र झपाट्याने उलटसुलट करून अख्खा छेद निमिषार्धात टिपण्याचे गणित त्यांनी मांडले. १९७८मध्ये पोटाची प्रतिमा घेण्याची वेळ आली तेव्हा, वेगाने बदलणारे क्षेत्र हृदय बंद पाडू शकेल, असा इशारा अमेरिकेतून आला. मॅन्सफील्ड यांनी आपले आकडे पुन्हा तपासले आणि स्वतःच यंत्रात शिरले.

चुंबकाने निदान साधले, तसा उपचारही साधला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते, हा फॅरेडेचा १८३१चा नियम. लोकल चालवण्यासाठी जीआयपी रेल्वेने ठाकुर्लीला उभारलेले पॉवरहाऊस, आता बंद पडलेले असले तरी, त्याच नियमावर चालत असे. १९८५मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी तो नियम मानवी मेंदूला लावला. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर, कवटीच्या बाहेरून कॉइल धरली, क्षणभर प्रवाह सोडला, आणि विरुद्ध बाजूच्या हाताचे स्नायू आपोआप आकसले. सुई नाही, भूल नाही. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर आज याच तंत्राने उपचार होतात.

२००३चे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले. एक पुरस्कार तिघांत वाटता येतो. तिसरी जागा रिकामी राहिली. डॅमेडियन यांनी संतापून वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. आजच्या यंत्रांनी प्रतिमा बनवण्याची त्यांची पद्धत उचलली नाही, हे मान्य. तरीही माझ्या मते ती जागा त्यांचीच होती. गाठीतले प्रोटॉन वेगळे वागतात, हे कोणी आधी दाखवलेच नसते, तर लॉटरबर त्या रात्री अस्वस्थ झालेच नसते.

धर्मट्टींच्या मुंबईत ही विद्या वाढत राहिली. टाटा संस्थेतल्या सूक्ष्मलहरींच्या विभागातून ‘समीर’ ही स्वतंत्र संस्था निघाली आणि पवईला आयआयटीच्या आवारात स्थिरावली. देशात एमआरआय यंत्रे बहुतांशी परदेशातून येतात, आणि तपासणीच्या खर्चात ते जाणवते. समीरने इतर संस्थांना सोबत घेऊन दीड टेस्लाचे स्वदेशी यंत्र बनवायला घेतले. अतिवाहक चुंबकाची जबाबदारी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने उचलली. मार्च २०२५मध्ये रुग्णांवरील चाचण्यांसाठी समीर आणि दिल्लीचे एम्स यांच्यात करार झाला.