फोटोतला डाग

पाचूबंदरला खोकल्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. रात्रीचा वारा, विडी, वाळत्या बोंबलांची धूळ, कारणं हाताशीच असतात. मी कवी, डॉक्टर नव्हे. तरी या खोकल्याबद्दल बोलायला हवं. त्यामागे क्षय आहे की कॅन्सर, हे नुसत्या लक्षणांवरून ओळखता येत नाही.

लांबलेला खोकला, थुंकीतून रक्त, उतरत जाणारं वजन हे दोन्हींत असतं. संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्रीचा घाम क्षयाचाच, असं आपण धरून चालतो. पण लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्येही तेच होतं. छातीच्या फोटोतला पांढरा डागसुद्धा सारखाच दिसू शकतो.

आमच्या शेजारच्या एका तांडेलांचं असंच झालं. फोटोत डाग दिसला आणि बेडका न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. घरच्यांना हायसं वाटलं, सहा महिन्यांत बरं होणारं दुखणं निघालं म्हणून. चार महिने गेले, खोकला हटेना. अखेर परळला टाटा हॉस्पिटलात फुप्फुसाचा तुकडा तपासला, तेव्हा कॅन्सर असल्याचं कळलं.

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला. तो बेडक्यात सापडतो का, हे सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत सांगतं, सरकारी दवाखान्यात फुकट. नाही सापडला म्हणजे क्षय नाहीच, असंही नसतं. मग सीटी स्कॅन, दुर्बीण, तुकडा. कॅन्सरचा निकाल पेशी पाहूनच लागतो. गोळ्या नेमाने घेऊनही दोन महिन्यांत उतार नसेल, तर जंतू औषधाला दाद देत नसेल किंवा रोगच दुसरा असेल. क्वचित दोन्ही एकाच छातीत असतात.

उलटही घडतं. मानेला गाठ आली की घरात रडारड. प्रत्यक्षात आपल्याकडे अशा कित्येक गाठी क्षयाच्या निघतात आणि औषधाने विरतात. पण सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे मशिदीच्या ओट्यावर आणि चर्चच्या पायऱ्यांवर सारख्याच ठामपणे सांगितलं जातं. एवढ्या एका बाबतीत आमची एकी नसती तर बरं झालं असतं! बारीक सुईने चार पेशी काढतात. शंका उरली तर अख्खी गाठ काढून पाहतात.

दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर बेडका तपासायला द्यावा. सकाळी उठल्याउठल्या, खोल खोकून काढलेला. नुसती लाळ दिली तर यंत्रालाही काही सापडत नाही.