चावीवाला आधी आरसी का मागतो?

आजचा विषय छोटा आहे, पण कधी ना कधी कामाला येणारा. समजा कारची चावी हरवली. तुम्ही चावीवाल्याला बोलावलं आणि तो म्हणाला, ‘आधी आरसी आणि लायसन्स दाखवा.’ चिडचिड होणारच. उन्हात उभे आहोत, गाडी समोर आहे, आणि याला कागद हवेत!

पण जरा त्याच्या बाजूने बघा. आजच्या बहुतेक कारमध्ये इमोबिलायझर असतो. चावीत चिप असते, तिचा कोड गाडीला पटला तरच इंजिन चालू होतं. नवीन चावी देताना चावीवाला ओबीडी पोर्टला मशीन जोडतो आणि नव्या चिपची गाडीशी ओळख करून देतो. गाडी चिप ओळखते, मालक नाही. मालक ओळखायचं काम त्या माणसाचंच.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही कोण? आणि या गाडीवर तुमचा हक्क आहे का? लायसन्स पहिल्याचं उत्तर देतं, आरसी दुसऱ्याचं. दोन्हींवरचं नाव जुळायला हवं. तिसरी पायरी मात्र बरेचदा राहून जाते: आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघणं. नंबरप्लेट बदलणं सोपं असतं, पण चेसिस नंबर गाडीच्या धातूतच कोरलेला असतो.

अमेरिकेत तर यासाठी ठरलेला फॉर्म आहे. नॅस्टफ या संस्थेकडे नोंदणी केलेले लॉकस्मिथ अशा कामाआधी ग्राहकाची आणि गाडीची ओळख तपासून डी-वन फॉर्म भरतात.

आता तुमचा प्रश्न: कागद गाडीतच अडकले तर? डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडा. तिथली आरसी आणि लायसन्स मूळ कागदांइतकीच ग्राह्य धरा, असं केंद्राने 2018 मध्येच राज्यांना कळवलंय. फक्त स्क्रीनशॉट नको, ॲप उघडूनच दाखवा. स्क्रीनशॉट कोणीही एडिट करू शकतं.

गाडी बाबांच्या नावावर आहे? मग त्यांना व्हिडिओ कॉल लावा. त्यांनी स्वतःचं लायसन्स दाखवून ‘हो, चावी बनवा’ म्हणावं. पाच मिनिटांचं काम.

आणि काहीच न विचारता चावी बनवून देणारा भेटला, तर खूश होऊ नका. उद्या तुमच्या गाडीसमोर दुसरं कोणी उभं राहिलं, तर तो त्यालाही काही विचारणार नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!