फोटोतलं ताट आणि घरातलं ताट

४ जानेवारी २०१९ रोजी इन्स्टाग्रामवर एका अंड्याचा फोटो झळकला. साधं, तपकिरी, कोंबडीचं अंडं. मागे पांढरा पडदा, पुढे काही नाही. मीठ-मिरीसुद्धा नाही. सर्वाधिक पसंती मिळालेला फोटो म्हणून या अंड्याचा विक्रम करूया, एवढंच आवाहन खाली होतं. दहा दिवसांत त्या अंड्यानं कायली जेनर या अमेरिकन तारकेच्या तान्ह्या मुलीच्या फोटोला मागे टाकलं आणि पुढची जवळजवळ चार वर्षं ते पहिल्या नंबरावर बसून राहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये विश्वचषक हातात घेतलेला मेस्सी आला, तेव्हा कुठे ते हललं. त्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिनं असतात, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर विक्रम झाला असता का, याची मला दाट शंका आहे.

शंका अनुभवाची आहे. नाशिकला माझं आहारसल्ल्याचं छोटं केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ पेशंट, आणि गुरुवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी फोटो, असा गेल्या सहा वर्षांचा परिपाठ आहे. पौष्टिक खाण्याबद्दल एक चित्र, त्यावर चार ओळी मराठीत, आणि ते इन्स्टाग्रामवर, फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर सोडून द्यायचं. मांडणीचं काम माझा भाचा करतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी 'शुभ सकाळ'च्या गुलाबाखालोखाल जी चित्रं येतात ना, जांभळाची, मेथीची, रात्रभर भिजवलेल्या बदामांची, त्यांच्याच जातकुळीतलं हे काम. फक्त त्या चित्रांवर सहसा कुणाचं नाव नसतं. माझ्या चित्रांवर असतं.

लोकांना वाटतं, अन्नाचा फोटो काढणं सोपं आहे, अन्न काही हलत नाही. अहो, पण ते सुकतं! पालेभाजी कढईतून काढल्यावर पाच मिनिटांत काळपट दिसू लागते. पिठल्यावर साय धरते. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, आपलं जे जे पौष्टिक ते ते सगळं तपकिरी. तपकिरीवर तपकिरी ठेवलं की फोटोत नुसता चिखल दिसतो. मग शेजारी कांद्याची पात हवी, लाल ठेचा हवा, फार तर लिंबाची फोड. स्टीलचं ताट हा आणखी एक शत्रू. त्यात फोटो काढणाऱ्याचं नाक दिसतं. फ्लॅश लावायचा नाही, खिडकीचा तिरपा उजेड घ्यायचा आणि समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करायचा, म्हणजे सावल्या मवाळ होतात. ताट दाखवायचं असेल तर फोन बरोबर वरून धरायचा, पेला किंवा वाटी दाखवायची असेल तर समोरून, थोडा तिरका. एवढं जमलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं प्रामाणिकपणाचं, आणि तिथे पाय घसरायला जागा फार. जाहिरातवाल्यांच्या जुन्या युक्त्या प्रसिद्ध आहेत: दुधाऐवजी पांढरा गोंद, क्रीमऐवजी दाढीचा फेस. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सुपाच्या जाहिरातीत बशीच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप भरगच्च दिसावं. तिथल्या व्यापार आयोगानं हरकत घेतली आणि १९७० साली कंपनीला ते थांबवावं लागलं. आमच्या घरचा नियम असा की ज्याचा फोटो काढला ते त्याच दिवशी कुणीतरी जेवलं पाहिजे. भाच्याला हा नियम मनापासून मान्य आहे, कारण जेवणारा बहुधा तोच असतो.

पण खरी गोटी ताटात नसते, ती मथळ्यात असते.

नाचणीचीच गोष्ट घ्या. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं, आणि त्या वर्षी नाचणीला असे काही दिवस आले की विचारू नका. जिकडे तिकडे एकच वाक्य: नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम! भाचा म्हणाला, "मावशी, हाच मथळा घेऊ. डोळे मिटून चालेल." आता हे वाक्य खोटं आहे का? नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे, आणि शंभर ग्रॅम दुधात साधारण १२०. तिप्पट झालंच की! पण शंभर ग्रॅम दूध म्हणजे अर्धा कप, एका घोटात संपतं. शंभर ग्रॅम नाचणीचं पीठ म्हणजे जवळजवळ तीन भाकऱ्या. कोण एका बैठकीत तीन नाचणीच्या भाकऱ्या खातं? एका भाकरीला पस्तीस-चाळीस ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे कॅल्शियम १३०-१४५ मिलिग्रॅमच्या आसपास. कपभर, म्हणजे दोनशे मिलिलिटर दुधात २४० च्या आसपास. पारडं उलटं फिरलं! शिवाय नाचणीतले फायटेटसारखे घटक त्यातलं काही कॅल्शियम अडवून धरतात. नाचणीला मोड आणून सत्त्व काढायची आपल्याकडची पद्धत इथे उपयोगी पडते, कारण मोड आल्यावर हे घटक कमी होतात.

तो मथळा मी घेतला नाही. त्याऐवजी एका लाकडी पाटावर एक भाकरी आणि एक कप दूध शेजारी शेजारी ठेवलं आणि दोन्हींखाली आकडे लिहिले. वर एवढंच: 'दोन्ही घ्या'. हे चित्र पहिल्या दिवशी फार धावलं नाही. भाचा खट्टू झाला. पण वर्ष उलटून गेलं तरी ते कुणी ना कुणी जपून ठेवतं आहे, पुढे पाठवतं आहे, आणि लहान मुलांच्या आया त्याच्याखाली प्रश्न विचारत आहेत. दुधाचा त्रास होणाऱ्या मुलाला किती भाकऱ्या द्याव्या, असले अगदी कामाचे प्रश्न.

तेव्हापासून मी प्रत्येक चित्रात प्रमाण दाखवू लागले. वाटी, चमचा, मूठ, भाकरी. यात माझं नवीन काही नाही. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं, त्याच्यावर नव्या नवऱ्या स्वयंपाक शिकल्या, त्याचं मोठं कारण हेच होतं की त्यात अंदाजपंचे नव्हतं, वाटी-चमच्याचं माप होतं. फोटोला तर हे माप शब्दांपेक्षा सोपं. 'गुळात लोह असतं' हे वाक्य ऐकून चहात साखरेऐवजी गूळ घालणारी आणि निश्चिंत होणारी मंडळी मला आठवड्याला भेटतात. पाच ग्रॅम गूळ चमच्यात घेऊन फोटो काढला आणि लिहिलं: यातलं लोह पाव मिलिग्रॅमसुद्धा नाही, बाईची दिवसाची गरज २०२० च्या शिफारशीनुसार २९ मिलिग्रॅम. पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. ज्वारीचंही तसंच. शंभर ग्रॅम ज्वारीत ३३४ कॅलरी, तांदळात ३५६. ज्वारी चांगलीच, मंगळवेढ्याचा शाळू तर काय सांगावा, पण 'ज्वारी कितीही चालते' हे मधुमेह असलेल्या माणसाला सांगणं म्हणजे त्याची फसवणूक आहे.

फसवणूक हा शब्द मी जपून वापरते आहे. माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ आले होते, मुलगी घेऊन आली होती. पायाची जखम भरत नव्हती. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या स्वतःच बंद केल्या होत्या. ग्रुपवर एक चित्र आलं होतं, काचेच्या पेल्यात भिजवलेल्या मेथीचं पाणी, आणि वर 'एकवीस दिवसांत गोळ्या बंद'. मी विचारलं, डॉक्टरांना का नाही विचारलंत? ते ओशाळून म्हणाले, "अहो मॅडम, चित्र इतकं स्वच्छ होतं!" त्यांना मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. माणूस शिकलेला होता, हिशेबतपासनीस म्हणून नोकरी केलेला. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले, आणि इथे तपासायला आकडाच नव्हता.

याचा टोकाचा नमुना ऑस्ट्रेलियात पाहायला मिळाला. बेल गिब्सन नावाच्या तरुणीनं, आपल्याला मेंदूचा कर्करोग आहे आणि आपण आहाराच्या जोरावर जगतो आहोत, असं सांगत इन्स्टाग्रामवर मोठा चाहतावर्ग जमवला. २०१३ मध्ये पाककृतींचं ॲप निघालं, पाठोपाठ पुस्तक आलं. एप्रिल २०१५ मध्ये तिनं स्वतःच कबूल केलं की कर्करोग कधी नव्हताच. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयानं तिला ४ लाख १० हजार डॉलरचा दंड केला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूनं पत्नीचा कर्करोग बरा होण्याचं श्रेय हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराला दिलं, तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरिअलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावं लागलं की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. पत्रक किती जणांनी वाचलं असेल? हळदीचं चित्र मात्र घरोघरी पोचलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेनं सांगितलं की जाहिरातीसाठी आरोग्याचा वा आहाराचा सल्ला देणाऱ्यांनी आपली शैक्षणिक पात्रता जाहीर करावी. चांगलंच झालं. पण मेथीच्या त्या पेल्याचा बाप कोण, हे कुठली परिषद शोधणार? म्हणून मला एक अगदी व्यवहाराची गोष्ट महत्त्वाची वाटते. चित्राखाली लिहिलेला मजकूर लोक पुढे पाठवत नाहीत. स्क्रीनशॉट निघतो, खालचं सगळं गळतं आणि चित्र एकटं हिंडत राहतं. तेव्हा 'गोळ्या बंद करू नका', 'मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा' ही वाक्यं खाली नको, चित्रातच हवीत, तीही कोपऱ्यात नव्हे तर ताटाला चिकटून, म्हणजे कापता येणार नाहीत. भाच्याच्या मते त्यामुळे मांडणी बिघडते. बिघडते खरी.

मे २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी नवी आहारसूत्रं काढली. त्यात एका माणसाचा दिवसभराचा, दोन हजार कॅलरींचा शिधा दिला आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तेलबिया ३५, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. मी हे सगळं तोलून, कच्चंच, जुन्या सुती साडीवर मांडलं आणि वरून फोटो काढला. एवढा गाजलेला फोटो माझा दुसरा नाही. त्यात ना वचन होतं ना धाक. लोक भांडत होते ते तेलावरून. २७ ग्रॅम म्हणजे मोठे दोन चमचे. चौघांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलो. घरोघरच्या गृहिणींनी आपापले डबे मोजले. एका घरात म्हणे सासूबाईंनीच तेलाच्या बरणीवर रेघ मारली.

आणि त्याच चित्राखाली एका बाईंनी लिहिलं: "ताई, चौघांना दिवसाला एक किलो सहाशे ग्रॅम भाजी. पैसे कोण देणार?"

या प्रश्नाला रंगीत उत्तर नाही. पाव किलो भेंडीत चौघांचं भागवणाऱ्या घराला ॲव्होकॅडो आणि किवीची चित्रं दाखवून आपण काय सांगतो? तुमचं जेवण कमी प्रतीचं आहे, एवढंच ना? माझ्याकडे येणाऱ्या बायका ताटाचं वर्णन करताना आधी माफी मागितल्यासारखं बोलतात, "आमचं काही फोटोसारखं नसतं हं." त्या बाईंना मी लिहिलं की चारशेपर्यंत लगेच जाऊ नका, आहे त्यात पन्नास वाढवा. आणि पुढचे काही गुरुवार मी स्वस्तातल्या भाज्यांना दिले. दुधी, लाल भोपळा, शेपू, अंबाडी, आणि मुळ्याचा पाला, जो बाजारात जागेवरच मोडून टाकला जातो. पाल्याचा पीठ पेरून केलेला झुणका, शेजारी कच्च्या पाल्याची जुडी, आणि खर्चाचा आकडा. भाचा म्हणाला, "याला कुणी लाइक करणार नाही." फार जणांनी केलंही नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या भाजीवाल्या मावशींकडे मुळे घेतले. पाला मोडू नका म्हटलं, तर म्हणाल्या, हल्ली चार-पाच जणी तेच म्हणतात. याचा माझ्या चित्राशी काही संबंध आहे असा दावा मी करणार नाही. मावशींनी पाल्याचे पाच रुपये वेगळे लावले.