समुद्र नसलेलं बेट

बेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चारी बाजूंना पाणी आणि मधे जमीन, हो ना? त्यातून ते ज्वालामुखीचं असलं तर काय मजा! पण तिथे जायचं म्हणजे बोट हवी, पैसे हवेत आणि मुख्य म्हणजे आईबाबांची परवानगी हवी. त्यापेक्षा असं करू. नेरळ स्टेशनवर उतरायचं आणि मान वर करायची. समोर दिसतंय ना, तेच आपलं बेट. माथेरान!

"बाई, पण समुद्र कुठाय?" आमच्या वर्गातल्या मुलांनी लगेच विचारलं. सांगते, पण आधी दगडाची गोष्ट ऐका.

भाकऱ्यांची चवड

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून तापलेला लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. त्यावर पुन्हा लाव्हा, पुन्हा थर. एकावर एक भाकऱ्या रचाव्यात ना, अगदी तसं! कड्याकडे नीट पाहिलंत तर हे आडवे थर आजही दिसतात. काळ्या दगडात बारीक भोकं दिसली, तर ती लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची, बरं का.

आणखी एक गंमत. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं एक दूरचं बेट आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. ज्या तप्त जागेने ते बेट घडवलं, तिनेच आपला हा काळा दगडही ओतला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्या वेळी भारताची भूमी खूप दक्षिणेला होती. पुढे ती सरकत उत्तरेला आली.

मग पावसाने आणि नद्यांनी हे थर कोरले. उल्हास नदीचं खोरं तयार झालं आणि माथेरानचा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा पडला. शेजारचा प्रबळगड, खालापूर तालुक्यातला इर्शाळगड हेही असेच सुटे तुकडे. याच इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, हे तुम्हाला आठवत असेल. डोंगर झिजतात, ते असे आपल्या डोळ्यांदेखतही.

सकाळ : पंखवाल्यांची

चला, आता वर. दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत, त्यामुळे कान मोकळे राहतात. पायाखाली लाल माती. काळा दगड वर्षानुवर्षं पावसात झिजला, त्यातलं लोखंड गंजलं आणि हा लाल जांभा तयार झाला. डोक्यावर जांभूळ, अंजनी आणि हिरड्याची दाट सावली.

शीळ ऐकू आली? कुणी मुलगा नाही हं तो! तो आहे शीळकरी कस्तूर. आणि ते काळं-निळं, तळहाताहून मोठं फुलपाखरू? ते ब्लू मॉर्मन, २०१५ पासून आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. १८९४ साली बेथॅम नावाच्या इंग्रजाने इथल्या ७८ जातींच्या फुलपाखरांची यादी केली होती. २०११ ते २०१९ या काळात अभ्यासकांनी पुन्हा शोध घेतला, तेव्हा १४० जाती सापडल्या. कुठे? याच झाडांत. पाहणारे डोळे मात्र हवेत.

दुपार : शेकरूची

आता आवाज बंद. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसतोय? ते शेकरूचं घर. शेकरू अशी अनेक घरं बांधतं. तांबूस अंग, झुबकेदार शेपूट. हा आपला राज्यप्राणी. फळं, बिया, पानं, झाडाची साल हे त्याचं जेवण. मागच्या पायांनी फांदीला धरून उलटं लटकत ते आरामात खातं!

शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर साधारण २० फुटांची उडी मारतं. म्हणजे जवळजवळ तुमच्या वर्गाच्या खोलीएवढी.

आता सापडला का समुद्र? पायथ्याशी शेतं, रस्ते, रूळ, इमारती. कस्तूर उडून पलीकडे जाईल, फुलपाखरूही जाईल. शेकरू कसं जाणार? त्याच्यासाठी बिनझाडांची जमीन म्हणजेच समुद्र! आणि माथ्यावरचं एखादं मोठं झाड तोडलं, फांद्यांमधलं अंतर २० फुटांहून जास्त झालं, की बेटाचेही दोन तुकडे होतात. आपल्याला वाटतं, एकच तर झाड गेलं. शेकरूचा मात्र रस्ताच बंद होतो.

म्हणूनच केंद्र सरकारने २००३ साली माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. पण सरकारी कागद झाडाजवळ पहारा देत नाही. ते काम तिथे राहणाऱ्यांचं आणि तिथे जाणाऱ्या तुमचं-माझंही.

जाताना एवढं करा

वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली घ्या. वेफर्सचं पाकीट माकडांसमोर उघडू नका. एकदा आयतं मिळालं की ती रानातली फळं सोडून पिशव्यांवर झडप घालतात. कचरा आपल्याच पिशवीत परत आणा. कड्याच्या टोकाशी जाऊ नका. आणि पालकहो, मुलं एखाद्या झाडाखाली थांबली तर "चला, पुढचा पॉइंट बघायचाय" असं म्हणून ओढू नका. पॉइंट उद्याही तिथेच असेल, शेकरू थांबणार नाही!

माथेरानला जाणं जमलं नाही, तरी एक खेळ घरीच करा. शाळेपासून घरापर्यंतच्या झाडांचा नकाशा काढा. स्वतःला शेकरू समजा. जमिनीला पाय न लावता कुठवर पोचता? जिथे अडाल, तिथे लाल फुली मारा. येत्या पावसाळ्यात जांभळाचं रोप कुठे लावायचं, ते ती फुलीच तुम्हाला सांगेल.