मापात फाडलेला आवाज

मिरवणुकीत बेंजो पार्टीचा भोंगा जवळून ऐकलेल्या माणसाला डिस्टॉर्शन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. बेंजोवाला वरच्या पट्टीत शिरतो, मशीनचं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत पिळलेलं असतं, सुराच्या कडा उसवतात आणि आपण म्हणतो, ‘आवाज फाटला’. साउंडवाल्याच्या लेखी ही चूक. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला मात्र नेमका हाच माल हवा असतो. फक्त तो पायाखालच्या डबीतून, मागितला तेवढाच फाटून मिळायला हवा. ही डबी म्हणजे ओव्हरड्राइव्ह पेडल.

माझं पेडल हिरवं आहे, तीन हजारांच्या आतलं, चिनी बनावटीचं. तळाचे चार स्क्रू काढले की आत बोटभर लांबीचा पीसीबी, तीन नॉब, दोन जॅक आणि पायाने दाबायचा एक खटका. मधोमध आठ पायांचा काळा आयसी, त्यावर आकडा ४५५८. हा आकडा लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत कुणाही दुकानदाराला सांगा, तो मान वर न करता खोका काढतो. आपल्याकडच्या घरगुती ॲम्प्लिफायरांत बास-ट्रेबलच्या बोर्डावर हाच आयसी वर्षानुवर्षं बसत आलाय. किंमत दहा-वीस रुपये. त्याच्या शेजारचे काचेचे चिमुकले डायोड एखाद-दोन रुपयांचे. म्हणजे आवाज घडवणारा सगळा ऐवज वडापावच्या हिशोबात बसतो. उरलेले पैसे डबीचे, खटक्याचे आणि नावाचे.

फाटलेल्या आवाजाच्या डबीची गोष्ट अपघातानेच सुरू झाली. १९६१मध्ये गाजलेल्या, गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या मिक्सरचं एक चॅनल बिघडलं आणि वादक ग्रेडी मार्टिनचे सूर गुरगुरत बाहेर पडले. बिघाड तसाच ठेवला गेला. पुढे ग्लेन स्नॉडी या ध्वनितंत्रज्ञाने तो मुद्दाम करता येईल असं सर्किट जुळवलं आणि १९६२मध्ये मेस्ट्रो फझ-टोन बाजारात आलं. लंडनचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने तर १९६४च्या सुमारास स्पीकरचा कागदच ब्लेडने चिरला. पण फझ म्हणजे सरसकट चिंध्या. वादकांना हवा होता तो व्हॉल्व्हचा ॲम्प पूर्ण मोठा केल्यावर येणारा आवाज, जरासा दाणेदार, बोटाच्या दाबाप्रमाणे कमीजास्त फाटणारा. तेवढा मोठा ॲम्प घरात लावला तर शेजारी पोलीस बोलावतील ही अडचण जगभर एकच.

तोडगा जपानमधून आला. १९७७ला बॉसचं ओडी-१ आलं. पाठोपाठ, सत्तरचं दशक संपता संपता, मात्सुमोतोच्या निश्शिन ओन्पा कंपनीतल्या सुसुमू तामुरा यांनी रचलेलं हिरवं पेडल आयबानेझच्या नावाने विकायला आलं. ते ट्यूब स्क्रीमर, मॉडेल टीएस-८०८. टेक्सासचा गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन ते वाजवायला लागला आणि पेडलाचं सोनं झालं. आज बाजारात जी स्वस्त हिरवी पेडलं दिसतात, त्यातली बहुतेक याच घराण्यातली. माझंही.

या सर्किटचं काम मला पायलीवरून समजलं. गिटारच्या पिकअपमधून साधारण एक-दोन दशांश व्होल्टचा सिग्नल येतो. ऑप-ॲम्प, म्हणजे तोच ४५५८, त्याला ड्राइव्हच्या नॉबप्रमाणे १२ पटींपासून जवळजवळ ११८ पटींपर्यंत फुगवू पाहतो. पण त्याच वाटेवर दोन डायोड उलटसुलट तोंडं करून बसलेले. लाट सहा-सात दशांश व्होल्टपर्यंत चढली की ते उघडतात, आणि धान्य मापताना पायलीवरची शीग हाताने पुसावी तसा लाटेचा शेंडा पुसला जातो. सुरीने कापल्यासारखा नव्हे, हाताने पुसल्यासारखाच, खांदे गोल ठेवून. त्यातून मूळ सुरात नव्हते असे वरचे स्वरांश उमटतात. शिवाय रचना अशी, की पुसलेल्या लाटेत गिटारचा मूळ सिग्नल जसाच्या तसा मिसळलेला राहतो. म्हणून बोटाचा ठसा हरवत नाही.

सुराला मुद्दाम काटा आणायची हौस आपल्याला परकी नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तेच शोधत असतो. सूत केसभर सरकवलं की तार गुंजायला लागते. तिथे तार घोडीला घासते, इथे डायोड शेंडा पुसतो. कृती वेगळी, पण कान वरच्या स्वरांशांवरच लागलेला.

तामुरांची खरी हुशारी मला खर्जात दिसते. डायोडांपर्यंत पोचण्याआधी ७२० हर्ट्झच्या खालचा भाग हळूहळू कमी फुगवला जातो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. ती पूर्ण फुगून फाटली तर नुसता चिखल. खर्ज असा आवरल्यामुळे बास गिटार आणि ड्रमला जागा मिळते आणि मधल्या पट्टीतली गिटार गर्दीतून वर निघते. घरी एकट्याने वाजवताना मात्र हाच गुण दोष वाटतो. आवाज नाकातून आल्यासारखा लागतो, आणि नवा वादक पेडलाला शिव्या देतो.

शिव्या मीही दिल्या होत्या. पहिल्या दिवशी ड्राइव्ह पूर्ण पिळला आणि छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून काडेपेटीत कोंडलेल्या माशीसारखं काहीतरी बाहेर आलं. आता घड्याळाच्या काट्याने सांगतो: ड्राइव्ह ९ वर, टोन १२ वर, लेव्हल ३ वर. ॲम्प स्वच्छ ठेवायचा, त्याचा बास किंचित वाढवायचा. मग गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब हळूहळू खाली आणायचा. सहावर आवाज जवळजवळ साफ, दहावर कडा उसवलेल्या, आणि मधल्या चारात सगळी मजा. नवे वादक या नॉबला हातच का लावत नाहीत, हे मला कधी कळलं नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर लेव्हल वाढवून ॲम्पलाच ढकलायचं. मेटल वाजवणारे तर ड्राइव्ह शून्यावर ठेवून याच कामाला हे पेडल वापरतात.

ॲडाप्टरची गोष्ट सांगितलीच पाहिजे. या पेडलांना ९ व्होल्ट लागतात, पण पिनच्या मध्यभागी ऋण आणि बाहेर धन. घरातल्या बऱ्याच ॲडाप्टरांच्या उलट. मी जुन्या रेडिओचा खुपसला. एक बारीक वास आला, बस. आतल्या रक्षक डायोडने जीव दिला होता. बुधवार पेठेतल्या कारागिराने नवा लावला, दोन डाग दिले आणि डायोडचे पैसे घ्यायलाही लाजला. आणखी एक: बॅटरीवर वाजवत असाल तर काम झाल्यावर इनपुटची केबल उपसून ठेवा. तो जॅकच आतला स्विच असतो. केबल राहिली की बॅटरी रात्रभर झिजते.

महागड्या पेडलांचं काय? बिल फिनेगन यांच्या क्लॉन सेंटॉरला सेकंडहँड बाजारात हजारो डॉलर पडतात. पुढच्या मॉडेलवर तर त्यांनी, हा गवगवा माझा नव्हे, अशा अर्थाची ओळच छापली. २०२३मध्ये जॉश स्कॉट या पेडलकर्त्याने डिजिटेकच्या बॅड मंकी या स्वस्त हिरव्या पेडलातून क्लॉनच्या जवळ जाणारा आवाज काढून दाखवला. परिणाम? बॅड मंकीचीच किंमत कित्येक पटींनी चढली. आयबानेझच्या टीएस-८०८ आणि नंतरच्या टीएस-९ यांच्या मूळ सर्किटमधला फरक तर आउटपुटच्या दोन रेझिस्टन्सचा. त्यावर रात्र रात्र वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

स्वस्त पेडल आवाजात सहसा मार खात नाही. ते मार खातं खटक्यात, सैल होणाऱ्या जॅकमध्ये, खरखरणाऱ्या नॉबमध्ये. रोज स्टेजवर पायाखाली घालायचं असेल तर धातूची डबी आणि घट्ट जॅक यांवर थोडे जास्त पैसे घाला. आणि दुकानात जाताना आपली गिटार बरोबर न्या, जमलं तर आपला छोटा ॲम्पसुद्धा. तिथल्या मोठ्या व्हॉल्व्ह ॲम्पवर कुठलंही पेडल गोडच लागतं.